परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. मग शिकलं की नाही हे ठरवायचं कोणी?

दौत_टाक (धागाकर्ता):
प्रौढांसाठीचे विनापरीक्षा वर्ग, म्हणजे अक्षरओळख, मोबाइल वापरणं, नवी भाषा बोलणं, चित्रकला वगैरे. यांचा दर्जा बहुतेक ठिकाणी हजेरीपटावर आणि 'मंडळी खूश आहेत' या एका वाक्यावर ठरतो. सार्वजनिक पैसा लागत असेल तर एवढं पुरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न आधीच येऊन गेला. १९९२ च्या कायद्यानं राष्ट्रीय निधी मुख्यतः पात्रतेकडे, म्हणजे मान्यताप्राप्त प्रमाणपत्राकडे, नेणाऱ्या अभ्यासक्रमांना जोडला. छंदवर्ग, गप्पावर्ग स्थानिक प्रशासनाच्या गळ्यात पडले. पुढे या विनापरीक्षा वर्गांसाठी 'रार्पा' नावाची पद्धत बसवली गेली. वर्गाचा हेतू ठरवा, शिकणारा आज कुठे आहे ते पाहा, त्याच्याशी बोलून उद्दिष्टं ठरवा, वाटेत प्रगती नोंदवा, शेवटी दोघांनी मिळून आढावा घ्या. परीक्षा न घेता पुरावा हाती येतो. यात वाईट काय?

कोरी_पाटी:
वाईट हे की, शाळेनं एकदा नापास केलेला माणूस पन्नाशीत धीर करून वर्गात येतो आणि पहिल्याच दिवशी तुम्ही त्याच्यापुढे फॉर्म सरकवता: 'तुमची सध्याची पातळी लिहा.' त्याला लिहिताच येत नाही, म्हणून तर तो आलाय! डेन्मार्कमधली प्रौढांसाठीची लोकविद्यालयं १८४४ पासून चालू आहेत. परीक्षा नाहीत, गुण नाहीत, तरी सरकारी अनुदान मिळतं. तिथे कोणाचं अडलं?

दौत_टाक:
अडलं नाही, कारण त्या शाळांना स्वतःचं मूल्यमापन करावं लागतं, तेही कायद्यानंच. परीक्षा नसली म्हणजे हिशेबच नसतो, असं नाही. आणि सुरुवातीची चाचपणी फॉर्मवरच करा असं कोण म्हणतंय? दहा मिनिटं बोला, 'घरी आलेली चिठ्ठी कोण वाचून दाखवतं?' असं विचारा. नोंद शिक्षकानं करायची.

खडू_डस्टर:
मी असे वर्ग घेते, म्हणून दोघांनाही थोडं थोडं टोचते.

दौत_टाक, कागदावर पाच पायऱ्या छान दिसतात. प्रत्यक्षात निधी 'उद्दिष्टपूर्ती'वर ठरतो असं कळलं की उद्दिष्टं आपोआप बुटकी होतात. 'माउस हाताळता येणे.' सगळे पास! पुढच्या वर्षीही तेच. सबंध वर्गाची उद्दिष्टं शब्दशः सारखी दिसली, की ती शिकणाऱ्याशी बोलून ठरलेली नाहीत हे समजून जावं.

दुसरी भानगड स्वयंमूल्यमापनाची. सुरुवातीला 'इंटरनेट किती येतं?' विचारलं तर माणूस दहापैकी सहा देतो. आठ आठवड्यांनी त्याला कळतं की आपल्याला काय काय येत नाही, आणि तो पाच देतो. कागदावर अधोगती, प्रत्यक्षात सगळ्यात चांगला विद्यार्थी! यावर उपाय आहे: शेवटच्या दिवशी दोन्ही प्रश्न एकत्र विचारायचे. आज किती येतं, आणि आज मागे वळून पाहता सुरुवातीला किती येत होतं?

कोरी_पाटी, तुमच्यासाठी एवढंच: नोंद नसेल तर मागच्या बाकावरची गप्प बाई सहा महिने गप्पच राहते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

कोरी_पाटी:
गप्प बाईचा मुद्दा मान्य. पण ती नोंद शिक्षकाच्या वहीत राहू द्या, तपासनिसाच्या फाइलीत कशाला? तिसऱ्या माणसाला दाखवायची म्हटलं की नोंदीची भाषाच बदलते. 'आज पहिल्यांदा स्वतःहून बोलल्या' याचं 'संवादकौशल्यात समाधानकारक वाढ' होतं.

उंटावरचा_शहाणा:
+१. शिवाय बऱ्याच जणांचा खरा फायदा उद्दिष्टांच्या यादीत नसतोच. शिवण शिकायला आलेली व्यक्ती बँकेत एकटी जायला लागते. त्याचा रकाना कुठाय?

दौत_टाक:
रकाना ठेवता येतो की. 'अनपेक्षित काय मिळालं?' हा प्रश्न रार्पाच्या शेवटच्या आढाव्यात बसतो, त्या पद्धतीला त्याचं वावडं नाही. फाइलीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. शिक्षकाची वही कोणीच पाहिली नाही, तर वाईट शिकवणाऱ्याला कोण आणि कधी पकडणार? शिकणारा बिचारा तक्रार करत नाही, यायचं बंद करतो.

खडू_डस्टर:
पकडायला फाइल लागत नाही. आमच्याकडे शिक्षक एकमेकांच्या वर्गात बसतात आणि कोणाच्याही चार-पाच वह्या उचलून वाचतात. नोंद वाचून पुढच्या तासाला काय बदललं, हा एकच प्रश्न विचारतात. काहीच बदललं नसेल तर ती नोंद दिखाऊ. हे काम मोबदल्याच्या तासांत धरलं जात नाही, हे आमचं खरं दुखणं. सोडून गेलेल्यांना फोन करणं हेही त्याच तासांत धरायला हवं.

कोरी_पाटी:
एकमेकांच्या वर्गात बसणं चालेल. फॉर्मला माझा विरोध कायम.