स्थापत्य अभियांत्रिकी शिकताना वास्तुरचनेचे मायनर घ्यावे, की लँडस्केप अथवा इतिहासाचे?

रेघ_आणि_आधार

मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. पुढचे सत्र सुरू होण्यापूर्वी मला मायनरचा, म्हणजे मुख्य शाखेसोबत घ्यायच्या दुय्यम अभ्यासक्रमाचा, विषय कळवायचा आहे. वास्तुरचना, लँडस्केप आर्किटेक्चर (जमीन व मोकळ्या जागांची रचना), इंटिरियर डिझाइन, नगररचना आणि वास्तुकलेचा इतिहास असे पाच पर्याय समोर आहेत. प्रत्येक मायनर सहा विषयांचे, एकूण १८ क्रेडिटचे आहे. वास्तुरचनेत त्यांपैकी दोन स्टुडिओ (स्वतः आराखडे व मॉडेल करत शिकण्याचे विषय) आहेत, लँडस्केपमध्ये एक आहे आणि इतिहासात एकही नाही.

या विषयांकडे मी का वळले, तेही सांगते. तुळईवरील भार काढताना आम्ही दोन त्रिकोणी आधारांवर एक रेघ ओढतो आणि त्या रेघेचे गणित सोडवतो. वर्षभर मी अशा कितीतरी रेघा ओढल्या. पण ती तुळई वर्गखोलीवर आहे की रुग्णाच्या खाटेवर, तिच्यामुळे खिडकी किती खाली आली, हे एकाही उदाहरणात विचारलेले नव्हते. मला नेमके तेच जाणून घ्यायचे आहे.

अडचणी तीन आहेत. मला हाताने चित्र काढण्याचा सराव नाही. स्टुडिओला किती वेळ लागतो, याचा अंदाज येत नाही. आणि पुढे वास्तुविशारद व्हावेसे वाटले, तर या मायनरचा उपयोग होईल का, हे समजत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जिन्याखालची_जागा

मी वास्तुविशारद असून काही वर्षांपासून मायनरच्या विद्यार्थ्यांचा पहिला स्टुडिओ शिकवतो. शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर स्पष्ट आहे. मायनरमुळे वास्तुविशारद म्हणून काम करण्याचा परवाना मिळत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त व्यावसायिक पदवी, बहुतेक ठिकाणी अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली केलेले काम आणि नोंदणी लागते. मात्र काही विद्यापीठांत दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांसाठी सुमारे तीन वर्षांचा व्यावसायिक पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो, आणि तेथे प्रवेशासाठी पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाचा संग्रह, मागतात. तुमच्या दोन स्टुडिओंतील काम त्या पोर्टफोलिओचा गाभा ठरू शकते.

चित्राची भीती बाळगू नका. सुंदर चित्र काढणे वेगळे आणि विचार करण्यासाठी रेखाटणे वेगळे. पहिल्या स्टुडिओत मी एका जिन्याचा छेद, म्हणजे तो उभा कापला तर दिसेल तसे चित्र, काढायला देतो. एका पायरीचा चढ १५० मिलिमीटर आणि रुंदी ३०० मिलिमीटर धरली, तर तीन मीटर वर जाण्यासाठी २० चढ लागतात आणि सरळ जिन्याला सुमारे ५.७ मीटर लांबी लागते. दिलेल्या खोलीत एवढी लांबी नसते, म्हणून विद्यार्थी जिना मध्येच वळवतात. मग छेद काढताना लक्षात येते की, वळणावरून वर चढणाऱ्या माणसाच्या कपाळाशी वरच्या मजल्याची तुळई आली आहे. ती तुळई हलवायची, जिना हलवायचा, की मजल्याची उंची वाढवायची, यावर पुढचे दोन आठवडे जातात. तुम्ही लिहिलेली ती रेघ येथे खोलीत उतरते, म्हणून तुमच्यासारख्या विद्यार्थिनीला मी स्टुडिओ असलेलेच मायनर सुचवीन.

रेखाटन वाचता येणे अभियंत्यासाठी किती गंभीर बाब आहे, हे १९८१ मध्ये कॅन्सस सिटीतील एका हॉटेलात टांगलेले पादपूल कोसळून ११४ माणसे दगावली तेव्हा दिसले. मूळ आराखड्यात दोन पूल एकाच सलग सळईला टांगलेले होते. नंतर त्या सळईच्या जागी दोन तुकडे आले आणि वरच्या पुलाच्या नटावरचा भार दुप्पट झाला. कागदावर तो बदल अगदी लहान दिसतो.

वेळेबाबत मात्र सावध राहा. स्टुडिओचे क्रेडिट कमी दिसतात, पण प्रत्यक्ष वर्गाचे तासच साध्या विषयाच्या जवळजवळ दुप्पट असतात आणि ज्युरीच्या (परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या) आधीचा आठवडा पूर्णपणे मॉडेल व शीट यांतच जातो. प्रयोगशाळेचे विषय जड असतील, त्या सत्रात स्टुडिओ घेऊ नका.

मातीचा_थर

वरील उत्तराचा आदर राखून मी वेगळा सल्ला देते. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे आणि माझे पहिले शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचेच होते. खोली, खिडकी आणि जिना यांचा विचार तुम्हाला नोकरीत वास्तुविशारदांबरोबर काम करताना काही प्रमाणात आपोआप शिकायला मिळेल. जमिनीचा विचार मात्र कोणी शिकवणार नाही.

मीस व्हान डर रोह यांनी रचलेले फार्न्सवर्थ हाऊस १९५१ मध्ये फॉक्स नदीच्या काठी पूर्ण झाले. पोलादी खांबांवर पेललेले हे काचेचे घर पुराच्या भीतीनेच जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उचललेले आहे. तरीही १९५४ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये पाणी आत शिरले. वास्तुरचनेच्या वर्गात त्या घराच्या प्रमाणबद्धतेवर तासन्‌तास चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण नदी भविष्यात किती पसरेल, वरच्या अंगाला वस्ती वाढली की तिचे पाणी किती लवकर येईल, हे प्रश्न लँडस्केपच्या स्टुडिओत पहिल्या दिवशी येतात.

अभियांत्रिकीत आपल्याला पावसाचे पाणी लवकरात लवकर नळात घालून दूर नेण्याची सवय लागते. लँडस्केपमध्ये मी तेच पाणी थांबवायला, जिरवायला आणि उशिरा सोडायला शिकले. समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) नकाशावर पेन्सिलीने एक रेषा जराशी सरकवली की उथळ चर तयार होतो आणि पाण्याची वाट बदलते. हे मी पहिल्यांदा केले, तेव्हा भूमापनात शिकलेल्या त्या रेषांना अर्थ आला. सोल शहरात २००३ पासून चेओंगग्येचेओन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग पाडण्यात आला आणि २००५ मध्ये सुमारे ५.८ किलोमीटरचा प्रवाह लोकांसाठी खुला झाला. अशा कामात पाण्याचे गणित येणारा आणि काठावर माणूस कसा बसेल याचाही विचार करणारा अभियंता हवा असतो.

चुन्याची_दरज

मी जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणाचे काम करणारा संरचना अभियंता आहे. पदवीच्या वेळी मी इतिहासाचे मायनर घेतले, तेव्हा सहाध्यायांनी ते सोपे म्हणून घेतल्याचे मानले होते. प्रत्यक्षात त्यानेच माझे काम ठरवले.

चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरल्या, तर वरवर भिंत भक्कम दिसते. परंतु सिमेंट चुन्यापेक्षा कठीण असते आणि ओल बाहेर पडू देत नाही. त्यामुळे ओल विटेतून बाहेर पडते आणि काही वर्षांत वीटच पापुद्रे सुटून झडते, दरज मात्र शाबूत राहते. मी अशा भिंतीवरून बोट फिरवले आहे: सिमेंटची जाळी पुढे आलेली आणि विटा मागे खोल गेलेल्या. दुरुस्तीनेच नुकसान केले, हे पाहून फार वाईट वाटते. आधुनिक साहित्याच्या विषयात मला केवळ ताकद शिकवली होती. भिंत श्वास कशी घेते, हे इतिहासाच्या वर्गात कळले.

आणखी एक सांगतो. ब्रुनेलेस्की यांनी फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट १४२० ते १४३६ या काळात, जमिनीपासून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता बांधला. दुहेरी कवच आणि विटांची तिरकी, एकमेकींत अडकणारी रचना यांमुळे अर्धवट घुमट बांधकाम चालू असतानाही स्वतःला पेलत राहिला. यावर मी २० पानांचा निबंध लिहिला आणि त्यासाठी शिकलेले भारांचे मार्ग मला आजही तोंडपाठ आहेत. स्टुडिओ नसला तरी रेखाटन टळत नाही; समोर उभी असलेली इमारत मोजून तिचा छेद काढावाच लागतो.

चौकातली_सावली

नगररचना आणि इंटिरियर यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. इंटिरियरमध्ये साहित्य, प्रकाश आणि माणसाच्या शरीराची मापे यांवर भर असतो. तुमचा कल पाहता तो तुम्हाला काहीसा दूरचा वाटेल. नगररचनेत लेखन, नकाशे आणि धोरणे अधिक असतात. सेंट लुईसमधील प्रुइट-आयगो ही ३३ इमारतींची वसाहत १९७२ पासून पाडली गेली, तेव्हा अनेकांनी दोष तिच्या रचनेला दिला. पण शहराची लोकसंख्या घटत होती आणि देखभालीचा खर्च रहिवाशांच्या भाड्यातून भागत नव्हता, याचा वाटा फार मोठा होता. असे प्रश्न तुम्हाला अस्वस्थ करत असतील, तरच हे मायनर घ्या.

रेघ_आणि_आधार

सर्वांचे मनापासून आभार. फार्न्सवर्थ हाऊसविषयी वाचून मी आमच्या भूमापनाच्या वहीतील नकाशा पुन्हा काढून पाहिला. तरीही जिन्याचा तो छेद मनातून जात नाही. माझा कल आता वास्तुरचनेकडे आहे. ऐच्छिक विषयांच्या दोन जागांपैकी एक जमिनीच्या उतारांच्या विषयाला आणि दुसरी जुन्या इमारतींच्या जतनाच्या विषयाला देता येईल, असे विभागाने सांगितले. पहिला स्टुडिओ याच वर्षी घ्यावा, की तिसऱ्या वर्षी?

जिन्याखालची_जागा

याच वर्षी घ्या. तिसऱ्या वर्षी तुमचे काँक्रीट आणि पोलाद यांचे आराखड्याचे विषय एकत्र येतील आणि त्या सत्रात मॉडेलसाठी रात्र उरणार नाही. शिवाय पहिला स्टुडिओ लवकर झाला, तर दुसऱ्या स्टुडिओत येताना तुमच्याजवळ तुळईची खरी जाडी काढण्याचे ज्ञान असेल. प्रवेश घेण्यापूर्वी या सत्राच्या अखेरच्या ज्युरीला मागे बसून ऐकण्याची परवानगी मागा. निवड पक्की करण्यापूर्वी भिंतीवर लावलेल्या शीट जवळून पाहा, आणि कोणता विद्यार्थी आपला छेद बोट ठेवून समजावू शकतो, याकडे लक्ष द्या.