आठवीपासून जपानी की चिनी?

कोथरूडची आई: लेकीच्या शाळेत यंदापासून जपानी आहे. तिला मात्र चिनी शिकायचंय, पण ते कुठल्याच शाळेत दिसत नाही. असं का?

सेन्सेई_पुणे: ताई, 2019 च्या शिक्षण धोरणाच्या मसुद्यात चिनीचं नाव होतं, 2020 च्या अंतिम धोरणातल्या यादीतून ते गळलं. त्या यादीत जपानी, कोरियन, थाई वगैरे आहेत. तेव्हा गलवानमधली चीनशी झालेली चकमक ताजी होती, समजून घ्या.

मी शाळेत जपानी शिकवते. वाक्यरचना मराठीच्या वळणाची, कर्ता-कर्म-क्रियापद, त्यामुळे मुलं पटकन बोलू लागतात. हिरागाना, काताकाना या दोन उच्चारलिप्या, प्रत्येकी 46 अक्षरं, तीही जमतात. खरी परीक्षा कांजीची, म्हणजे चिनीतून आलेल्या चिन्हांची: रोजच्या वापरातलीच 2136. पालक दुसऱ्याच महिन्यात 'एन-फाइव्ह (जपानीच्या परीक्षेची पहिली पायरी) कधी?' विचारतात. अहो, आधी तिला गाणी म्हणू द्या!

चहाबाज: चिनीत चार सूर, सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, म्हणजे कान तयार हवा. व्याकरण मात्र सोपं, क्रियापदं चालवावी लागत नाहीत.

कोथरूडची आई: पुढे चिनी घेतलं तर कांजी वाया जाईल का?

सेन्सेई_पुणे: मुळीच नाही. बरीच चिन्हं ओळखीची निघतील, उच्चार तेवढे नव्याने शिकायचे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, पुणे विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात, चौकशी करा.