युरोपात आधी जुजुत्सू पोहोचलं की ज्युदो?

प्रश्न

मुलगी दीड वर्ष ज्युदोला जाते. शाळेत तिला ‘युरोपात ज्युदो कसा गेला’ यावर पाच मिनिटं बोलायचंय. कोणी म्हणतं ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी नेला, कोणी म्हणतं आधी जुजुत्सू गेलं. खरं काय?

उत्तर

ताई, बावीस वर्षं मुलांना ज्युदो शिकवतोय, त्यामुळे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. आधी गेलं ते जुजुत्सू, म्हणजे ज्यातून कानोंनी ज्युदो घडवला ती जुनी जपानी युद्धकला. कानोंनी कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा १८८२ मध्येच काढली होती आणि १८८९ मध्ये ते युरोपलाही गेले, पण तिथली शिक्षणपद्धती बघायला. लंडनकरांना हे डाव दाखवले युकिओ तानींनी. बार्टन-राइट नावाचे इंग्रज गृहस्थ जपानात राहून आले होते. त्यांनी १९०० मध्ये तानींना बोलावून घेतलं, तेव्हा ते जेमतेम विशीत होते.

पुढे बार्टन-राइटांचा क्लब बंद पडला आणि तानी म्युझिक हॉलच्या, म्हणजे करमणुकीच्या नाट्यगृहांच्या, रंगमंचावर उतरले. लहानखुरी अंगकाठी, आणि आव्हान साऱ्या प्रेक्षकांना: ठरलेली मिनिटं टिका, पैसे घेऊन जा! अट एकच, अंगात जाकीट घालायचं. ही अट मोठी आहे. उघड्या अंगानं लढणाऱ्या पैलवानाला कॉलरची सवयच नसते. अंगठा आत घालून कॉलर खोल धरली, दुसऱ्या हातानं पलीकडची ओढली, की मान कितीही जाड असो, माणूस हात आपटतो, म्हणजे हार मानतो. नव्या मुलांना मी हे दाखवतो तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

दुसरं उत्तर

एडिथ गॅरुड यांचं नाव राहू नये. पाच फूटही उंची नव्हती. मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांना त्यांनी लंडनमध्ये जुजुत्सू शिकवलं. मुलीला हे नक्की आवडेल.

प्रश्नकर्ती

खूप आभार! मग त्याचा ज्युदो कधी झाला?

उत्तर

गॅरुडबाईंचं अगदी बरोबर, भाषणात घ्याच.

गुंजी कोइझुमींनी जानेवारी १९१८ मध्ये लंडनला बुडोक्वाई हा जपानी युद्धकलांचा क्लब काढला आणि शिकवायला तानींना घेतलं. १९२० मध्ये कानो तिथे आले. त्यांच्याशी बोलणं झाल्यावर दोघांनीही ज्युदो स्वीकारला आणि कानोंनी त्यांना दुसरा दान, म्हणजे काळ्या पट्ट्याची दुसरी पायरी, दिला. वीस वर्षं भल्याभल्यांना लोळवलेला माणूस, आणि दुसरा दान मान खाली घालून घेतो. मला तानी सगळ्यात मोठे वाटतात ते इथे.

पाच मिनिटांत सगळं मावणार नाही. तिला तानींवरच बोलू द्या. गी (ज्युदोचा पोशाख) बरोबर न्यायला सांगा, कॉलर हातात धरून दाखवली की वर्गाला लगेच कळेल. गळ्याला मात्र लावू नये, नुसती पकड दाखवावी.