डोळ्यात नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, मग पायाची जखम का भरत नाही?

प्रश्न :
माझ्या वडिलांना अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या दृष्टिपटलावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढू लागल्याने ती वाढ रोखण्यासाठी डोळ्यात इंजेक्शने दिली जात आहेत. त्याच वेळी पायाच्या अंगठ्याखाली तळव्याला पडलेली जखम काही केल्या भरत नाही, आणि तिथे पुरेशा रक्तवाहिन्या तयार होत नाहीत असे सांगितले जाते. एकाच शरीरात असे उलटसुलट कसे घडते? डोळ्यातल्या इंजेक्शनांमुळे पायाची जखम आणखी चिघळेल का?

पहिले उत्तर :
ऊतींना प्राणवायू कमी पडला की पेशींत एचआयएफ-१ हे प्रथिन साठते, त्याच्या प्रभावाने व्हीईजीएफ हा वाढघटक स्रवतो आणि शेजारच्या केशवाहिन्यांना धुमारे फुटतात. (पेशींना प्राणवायूची ही जाणीव कशी होते, याच्या शोधाला २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) भरत आलेल्या जखमेच्या तळाशी जे लालसर, दाणेदार मांस दिसते, त्यात याच केशवाहिन्यांचे दाट जाळे असते, काम संपले की त्यांतल्या बऱ्याचशा विरून जातात.

मधुमेहात रक्तातली साखर सतत चढलेली राहिली, तर जखमेतले एचआयएफ-१ टिकत नाही आणि प्राणवायूची टंचाई असूनही व्हीईजीएफ कमी पडतो. त्याहून मोठी अडचण मला दाहाची वाटते. मॅक्रोफेज नावाच्या पेशी आधी जंतू आणि मृत पेशी साफ करतात व मग दुरुस्तीच्या कामाला लागतात. मधुमेहात त्या पहिल्याच, म्हणजे दाहाच्या टप्प्यावर अडकून पडतात. परिणामी प्रथिने तोडणारी विकरे जखमेत साचतात आणि उरलासुरला वाढघटकही नष्ट करतात.

दृष्टिपटलाचे तसे नाही. तिथल्या केशवाहिन्या एकेक करून बंद पडतात, पण दृष्टिपटलाची प्राणवायूची गरज फार मोठी असते आणि उपासमार थांबत नाही. तिथे स्रवलेला व्हीईजीएफ डोळ्याच्या बंद पोकळीतच साठत राहतो. त्यातून फुटलेल्या वाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशींचे अस्तर अपुरे असते, म्हणून त्या झिरपतात आणि फुटतात. त्यामुळे शरीरात वाढघटक एकूण किती आहे यापेक्षा तो त्या ठिकाणी टिकतो का, आणि वाहिनीला पक्की होऊ देणारी परिस्थिती तिथे आहे का, हे महत्त्वाचे ठरते.

दुसरे उत्तर :
इंजेक्शनाबद्दलची आपली शंका रास्त आहे. बेव्हॅसिझुमॅब हे व्हीईजीएफला रोखणारे औषध कर्करोगासाठी शिरेतून दिले जाते तेव्हा जखमा उशिरा भरतात, आणि म्हणूनच नियोजित शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर किमान २८ दिवस ते देत नाहीत. मात्र तो डोस वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम किंवा अधिक, म्हणजे ६० किलोच्या माणसाला निदान ३०० मिलिग्रॅम असतो. हेच औषध डोळ्यात साधारण १.२५ मिलिग्रॅम देतात. त्यातला थोडा अंश रक्तात उतरतो, म्हणून पायाला जखम असल्याचे नेत्रतज्ज्ञांना अवश्य सांगावे. पण आपल्या मनाने इंजेक्शने थांबवू नयेत, कारण त्यात दृष्टी जाण्याचा धोका आहे.

प्रश्नकर्ता :
मनापासून आभार. मग जखमेत रक्तवाहिन्या वाढवणारे एखादे औषध लावता येईल का?

तिसरे उत्तर :
बेकाप्लर्मिन या वाढघटकाच्या जेलला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली, पण पायाला पुरेसा रक्तपुरवठा असेल आणि मृत मांस वेळोवेळी काढले जात असेल, तरच त्याचा काही उपयोग होतो. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात.

पहिली म्हणजे मोठ्या रोहिण्यांतून पायापर्यंत रक्त पोहोचते का. मधुमेहात रोहिण्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात आणि घोट्यावर घेतलेला दाब फसवा, चांगला दिसतो. म्हणून पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजायला सांगावे. तो पाऱ्याच्या ३० मिमीपेक्षा कमी असेल तर रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांना तातडीने दाखवावे, कारण वरची वाट बंद असताना केशवाहिन्या वाढूनही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जखमेवरचा भार. संवेदना गेलेल्या पायाला दुखत नाही, त्यामुळे माणूस त्यावर चालत राहतो आणि नुकत्याच उगवलेल्या केशवाहिन्या प्रत्येक पावलागणिक चिरडल्या जातात. तळव्याच्या अशा जखमेसाठी गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला स्वतः काढता न येणारे प्लॅस्टर सर्वांत परिणामकारक ठरते. मात्र जंतुसंसर्ग किंवा रक्तपुरवठ्याची गंभीर कमतरता असेल, तर ते घालायचे की नाही हे तज्ज्ञांनीच ठरवावे. दर आठवड्याला जखमेची लांबी-रुंदी लिहून ठेवा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आले नाही, तर त्याच ड्रेसिंगवर विसंबून न राहता संपूर्ण उपचारांचा फेरविचार करायला सांगा.