ब्लेंडरमधला सिद्धेश्वर तलाव खरा वाटत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, दोन महिने झाले ब्लेंडरमध्ये (थ्रीडी चित्रं करायचं सॉफ्टवेअर) आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाचा सीन करतोय, संध्याकाळची वेळ, पाण्यात देऊळ आणि मागं भुईकोट किल्ल्याची तटबंदी, रेंडर, म्हणजे शेवटचं चित्र, ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनमध्ये. आधी पाणी प्लास्टिकसारखं दिसायचं, एका मित्रानं सांगितलं आयओआर (पाण्यात प्रकाश किती वळतो तो आकडा) १.३३ ठेव आणि लाटा बारीक कर, तेवढं केलं आणि खरंच फरक पडला. आता अडलंय ते लांबच्या भागात. तटबंदीचा दगड जवळच्या पायरीइतकाच काळा आणि धारदार दिसतो, त्यामुळं सगळं टेबलावर मांडलेल्या मॉडेलसारखं वाटतं, आपल्याकडं उन्हाळ्यात हवेत जो धुरळा असतो आणि लांबचं सगळं फिकट पिवळसर दिसतं तो काही केल्या येत नाही. व्हॉल्यूम स्कॅटर (हवेत प्रकाश विखुरून धुकं-धुरळा दाखवणारं) लावलं तर रेंडरला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि वर दाणे पडतात. त्याची डेन्सिटी (दाटपणा) ०.०१ आहे, सीन मीटरमध्ये खऱ्या मापाचा, अजून कमी करू का? की सरळ मिस्ट पास (कुठला भाग किती लांब ते दाखवणारं वेगळं करडं चित्र) घेऊन कंपोझिटरमध्ये, म्हणजे रेंडर झाल्यावर, रंग मिसळावा? रेंडर खाली टाकलाय, चुका स्पष्ट सांगा, बदलून परत टाकतो.