मदत हवी आहे: घर आवरायचं, पण आरडाओरडा न करता

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावात, शहापूरमधल्या जुन्या घरात राहतो. सासूबाई, आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी मुलं. जून ते सप्टेंबर इथला पाऊस माहीतच आहे. (खानापूरवाले हसतील, त्यांच्याकडे याहून जास्त!) ओल्या छत्र्या, रेनकोट, बूट, न वाळलेले कपडे, सगळं सोप्यात. संध्याकाळी कामावरून आले की तोंडातून पहिलं वाक्य निघतं ते ओरडूनच.

दाराशी खुंट्या मारल्या, खाली जुनं पोतं टाकलं, तेवढं जमलं. दप्तरं मात्र अजून जिन्यात. सवय लावायला मुलांना बक्षीस द्यावं का? मला पटत नाही, उद्या ताट उचलायलाही पैसे मागतील.

खरी अडचण माळ्याची. सासूबाई कुंद्याचे (ही इथली दुधाची मिठाई) रिकामे डबे, पिशव्या, दोऱ्या काहीच टाकू देत नाहीत. आणि त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही. शेजारच्या कन्नड मावशींकडून जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरी) आली की त्यांना काहीतरी पाठवायला हेच डबे लागतात. आलेलं भांडं रिकामं परत द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. पण गणपतीआधी माळा आवरायलाच हवा, मखर त्या ढिगाखाली आहे.

त्यांचं मन न दुखवता सुरुवात कुठून करू? किती डबे ठेवायचे हे त्यांनाच ठरवू दिलं तर? कुणाकडे असं जमलंय का? आणि घरात वाळवलेल्या कपड्यांचा कुबट वास कसा घालवता, तेही सांगा.