विद्यापीठाच्या नियामक मंडळावर आयरिश भाषकांना हक्काची जागा हवी का?

गॉलवेकर

आयर्लंडमध्ये 2022 साली उच्च शिक्षणाचा नवा कायदा झाला. 1997च्या कायद्याप्रमाणे विद्यापीठाच्या नियामक मंडळावर 20 ते 40 माणसं असायची. नव्या कायद्यात ही संख्या 17 झाली (डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजची व्यवस्था वेगळी आहे), त्यात बाहेरच्या सदस्यांचं बहुमत आलं आणि निवड 'कौशल्य' पाहून करायची असं ठरलं. कौशल्य म्हणजे वित्त, कायदा, जोखीम, मनुष्यबळ. मंडळ आटोपशीर झालं हे मला मान्य आहे. पण मंडळ लहान होतं तेव्हा सगळ्यात आधी कोण बाहेर पडतं, तेही बघायला हवं.

पश्चिम आयर्लंडमधल्या गॉलवे विद्यापीठाचंच घ्या. 1929च्या कायद्यानुसार तिथे नेमणुका करताना आयरिशमधून काम करू शकणाऱ्या लायक उमेदवाराला प्राधान्य देणं बंधनकारक होतं. 2006च्या दुरुस्तीने ते बंधन गेलं. त्याऐवजी विद्यापीठाच्या धोरणात्मक आराखड्यात आयरिशमधून शिक्षण देण्याची तरतूद असावी, एवढंच उरलं. आता हा आराखडा मंजूर कोण करतं? नियामक मंडळ. म्हणजे जे संरक्षण आधी कायद्यात होतं ते मंडळाच्या टेबलावर आलं, आणि त्या टेबलाशी आयरिशमधून शिकवणारं कुणी बसेलच याची खात्री नाही. कॅरारो, कार्ना आणि ग्वीडोर इथल्या विद्यापीठाच्या आयरिश केंद्रांतल्या जागा भरायच्या की रिकाम्या ठेवायच्या, हा शेवटी बजेटचा प्रश्न होतो. अशा वेळी त्या केंद्रांत रोज काय चालतं हे सांगणारा माणूस खोलीत असावा लागतो.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मंडळावर रोजचं काम आयरिशमधून करणारा किमान एक सदस्य कायद्यानेच असावा. गॉलवेत दोन.

लिफीकाठ

मी डब्लिनमध्ये राहतो, माझी मुलगी आयरिश माध्यमाच्या शाळेत जाते, तेव्हा भाषेबद्दल आस्था नाही म्हणून लिहितोय असं समजू नका. तरी या मागणीला माझा ठाम विरोध आहे.

17 जणांत एक जागा दिली की उरलेले 16 जण मोकळे होतात. आयरिशचा विषय निघाला की सगळे त्या एकाकडे बघणार, त्याने दोन मिनिटं बोलायचं, इतिवृत्तात नोंद होणार आणि पुढचा विषय. भाषेला खरा फायदा झाला तो वरून आलेल्या सक्तीने. 2021च्या राजभाषा दुरुस्ती कायद्याने 2030 अखेरपर्यंत सरकारी क्षेत्रातल्या नव्या भरतीत 20 टक्के लोक आयरिश येणारे असावेत, असं उद्दिष्ट ठेवलं. डब्लिनच्या मरिनो शिक्षणशास्त्र महाविद्यालयात 2019ला आयरिश माध्यमाची बी.एड. सुरू झाली ती शिक्षण खात्याच्या गेल्टाख्ट (म्हणजे आयरिशभाषक भागांच्या) धोरणातून. कुठल्या मंडळावर कुणाला राखीव जागा होती म्हणून नव्हे.

वेल्सकडेही बघा. तिथे 2011पासून वेल्श माध्यमासाठी राष्ट्रीय कॉलेज आहे. त्याचा स्वतःचा कॅम्पस नाही. वेगवेगळ्या विद्यापीठांत वेल्शमधून शिकवणाऱ्या प्राध्यापकांना आणि अभ्यासक्रमांना ते पैसा पुरवतं. पैसा भाषेच्या नावाने बांधलेला असला की मंडळावर कोण बसलंय याने फार फरक पडत नाही.

नीलमोहर

प्रतिनिधी नेमका कुणाचा, हे आधी ठरवा. 2022च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 74 हजार लोकांनी, म्हणजे 40 टक्क्यांनी, आयरिश येतं असं सांगितलं. शाळा-कॉलेज सोडून रोज बोलणारे निघाले 71,968. त्यातले गेल्टाख्टमध्ये जेमतेम 20 हजार. डब्लिनचा उत्साही वकील आणि कार्नाची शिक्षिका, दोघंही 'आयरिश भाषक' म्हणून अर्ज करणार. निवड समिती कुणाला घेईल याचा अंदाज मला आहे.

गॉलवेकर

@नीलमोहर, तुमचा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच मी 'येतं' असं न लिहिता 'रोजचं काम आयरिशमधून करणारा' असं लिहिलं.

@लिफीकाठ, वेल्सचं उदाहरण पटतं आणि तसा बांधलेला निधी इथेही हवाच. पण तुम्ही म्हणता ती 20 टक्क्यांची भरती प्रत्यक्षात करणार कोण? विद्यापीठच ना? कुठल्या विभागात, कुठल्या पदावर, किती लवकर, हे विचारणारं वर कुणी नसेल तर 2030 येईल आणि निघूनही जाईल. आयरिशमधून चालणाऱ्या समितीत आयरिश न येणारा एक जण आला की सगळे सौजन्याने इंग्रजीवर जातात, आणि पुढच्या बैठकीची कागदपत्रं थेट इंग्रजीतच येतात. हे कुणी दुष्टपणाने करत नाही, तरी भाषा त्या खोलीतून जाते. संसदेत दुभाषे आणि हेडफोन असतात, कारण तिथे आयरिशमधून बोलण्याचा हक्क कायद्याने दिलाय आणि तो वापरणारे सदस्य आहेत. वापरणारा आत असला की सोय होते.

ताम्हण_पुणे

लांबून एक प्रश्न. आपल्याकडे विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर 10 प्रतिनिधी निवडून देतात. तसं तिथे आयरिशमधून शिकलेल्या पदवीधरांची मतदार नोंदणी करून त्यांनाच माणूस निवडू दिला तर नीलमोहर यांची शंका मिटेल ना?

नीलमोहर

बरीचशी मिटेल. आणि निवडणुकीचं महत्त्व गेल्टाख्टच्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. त्यांच्या विकासासाठीच्या प्राधिकरणावर 20 पैकी 17 सदस्य थेट निवडून यायचे. 2012च्या कायद्याने ती निवडणूक बंद झाली, मंडळ 12 जणांचं झालं, त्यात 7 मंत्र्यांनी नेमलेले आणि 5 जिल्हा परिषदांनी सुचवलेले. तेव्हाही कारण आटोपशीरपणाचंच होतं. ती निवडणूक परत आणा ही मागणी तिथले लोक त्यानंतरही करत राहिले. राखीव जागा नेमणुकीने भरणार असाल तर माझा विरोध. मतदानाने भरणार असाल तर पाठिंबा.

लिफीकाठ

मतदानाने भरलात तर 'कौशल्य पाहून निवड' या कायद्याच्या गाभ्यालाच हात लागतो. मग उद्या प्रत्येक गट मतदारसंघ मागेल, आणि आपण पुन्हा 40 जणांच्या मंडळावर येऊ, जिथे निर्णयच होत नसत.

गॉलवेकर

प्रत्येक गटाला राज्यघटनेत स्थान नाही. आयरिशला आहे, 8व्या कलमात, पहिली राजभाषा म्हणून. शिवाय 1997च्या कायद्याने आयरिशचं जतन आणि वापर वाढवणं हे विद्यापीठांच्या उद्दिष्टांतच घातलंय. ज्या संस्थेचं हे उद्दिष्ट आहे, तिच्या मंडळासाठी आयरिशमधून काम करता येणं हेसुद्धा कौशल्यच आहे. हिशेब तपासणारा माणूस मंडळावर हवा म्हणताना आपण त्याला गट म्हणत नाही. एका विद्यापीठाने आपल्या कौशल्यांच्या यादीत हे घालून जाहिरात काढावी, त्याला नवा कायदाही लागणार नाही. तेवढ्यालाही तुमचा विरोध आहे का, लिफीकाठ?

लिफीकाठ

त्याला नाही. पण मग ती जाहिरात आयरिशमध्येही निघावी आणि मुलाखतही आयरिशमधून व्हावी. आणि गॉलवेला दोन जागा कशासाठी, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

गॉलवेकर

कारण आराखड्यातल्या आयरिशच्या तरतुदीची कायदेशीर जबाबदारी गॉलवेवर नावानिशी आहे. एकच सदस्य असेल आणि तो एका बैठकीला आला नाही, तर त्या दिवशी त्या तरतुदीवर बोलायला कुणीच उरत नाही.